ऐकू न येणारी मुलगी

तिसरीतल्या त्या मुलीला मी वर्षभर मठ्ठ समजत होते. आज लिहितानाही स्वतःचा राग येतो. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली आमची दोनशिक्षकी शाळा. हाक मारली तरी ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा तर मी तिला पाढे म्हणत नाही म्हणून तासभर उभं केलं.

त्या हिवाळ्यात आरोग्य तपासणीचं पथक आलं. वजन, उंची, फोटो. कुणाच्या कानात, तोंडात कुणी डोकावलं नाही. त्यांना पुढची शाळा उरकायची होती. "सगळी मुलं नॉर्मल. बाई, इथं सही करा." मी केली.

मुलगी चौथीत गेली, तेव्हा वाडीत एक निवृत्त सिस्टर माहेरी राहायला आल्या. दर गुरुवारी शाळेत बसून पोरं फुकट तपासते म्हणाल्या. मी व्हरांड्यात टेबल मांडून दिलं. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मुलीच्या कानात बॅटरी मारली आणि मला बोलावलं. दोन्ही कानांत पू. वास येत होता.

"हिला ऐकूच येत नाही, आणि तुम्ही हिला शिक्षा करता?"

मी तिच्या आईला निरोप धाडला. ती भातलावणी सोडून चिखलाच्या पायांनीच आली.

"लई दिसांपासनं कान वाहतोय, बाई. पर दवाखान्यात जायचं म्हंजी आख्खा दिस मोडतो. आन् ते डाक्टर आलते की शाळंत. ते काय बोललं न्हाईत, मंग मला वाटलं, काय नसंल."



सिस्टरांनी आणि मी तिला मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली. महिन्याभरात तालुक्याहून एक साहेब शाळेत आले. टेबलावरचा कापूस, मलम बघून म्हणाले, "शाळेत दवाखाना? परवानगी कुणाची? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

माझा आवाज चढला. "साहेब, झालंय ते आधी बघा. त्याला जबाबदार कोण?"

साहेबांनी चहा घेतला आणि दोन दिवसांनी दवाखाना बंद करण्याचं पत्र पाठवलं.

पत्राची बातमी वाडीत पसरली. ग्रामसभेत एरवी मागे बसणाऱ्या बाया त्या दिवशी पुढे बसल्या. मुलीची आई उठली. "पोरं आमची हायेत. सिस्टर शाळंतच बसनार. कुनाला आडवायचं आसंल त्यानी हितं येऊन आमाला सांगावं." ठराव झाला. सांगायला कुणी आलं नाही. टेबल पुन्हा व्हरांड्यात लागलं.

मुलगी आता सहावीत आहे. उजव्या कानानं बरंच ऐकू येतं. डावा गेला तो गेलाच. वर्षभर आधी आणली असती तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. तिची आई मला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.