बाहेरून लावलेलं दार

हजेरीबाई लहानपणापासूनची भित्री. दाराची बेल वाजली तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार असं वाटून आधी तिचा चेहरा उतरायचा, मग ती दार उघडायला उठायची. दोऱ्याच्या कारखान्यात कोण कधी आलं, कोण आलंच नाही हे संगणकात भरायचं तिचं काम, म्हणून सगळे तिला हजेरीबाई म्हणत. कोणी उशिरा आलं की त्या माणसाच्या आधी हिलाच घाम फुटायचा.

पण एका जागी ही बाई वाघीण होती. इंटरनेटवर जो सगळ्यांनी मिळून फुकट लिहायचा आणि फुकट वाचायचा असतो, त्या ज्ञानकोशात. तिथे तिचं टोपणनाव ‘खोडरबर’. इतिहासातल्या माणसांवरचे लेख सुधारायचं काम ती आणखी दोघांबरोबर करायची. एक ‘मास्तर’, हे खरोखरच निवृत्त मास्तर. दुसरा ‘टाचणी’, प्रत्येक वाक्याला पुरावा टोचल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. तिघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मास्तर जुनी वर्तमानपत्रं उपसायचे, टाचणी संदर्भ तपासायचा आणि खोडरबर ‘थोर’, ‘महान’, ‘दानशूर’ वगैरे पुसून काढायची. ह्या कामाला त्यांनी ‘हार उतरवणं’ असं नाव दिलं होतं. एका सेनापतीच्या लेखावरून तिने एका बैठकीत इतके हार उतरवले की खाली माणूस जेमतेम उरला. मेलेल्या माणसांशी तिचं छान जमायचं, कारण ती ओरडत नाहीत.

मग मास्तरांनी नवा लेख हातात घेतला तो नेमका थोरल्या मालकांचा. म्हणजे ज्यांनी हा कारखाना काढला आणि ज्यांचा मोठा फोटो हजेरीबाईच्या डोक्यावरच्या भिंतीला होता, तेच. लेखात लिहिलं होतं की त्यांच्या जुन्या गिरणीला आग लागली तेव्हा त्यांनी जिवाची पर्वा न करता बायकांना बाहेर काढलं. मास्तरांना त्या वेळच्या वर्तमानपत्रात चौकशीचा निकाल सापडला. बायका चोरून दोरा नेतील म्हणून मालकांच्या हुकमाने दार बाहेरून लावलेलं होतं. सतरा जणी आतच राहिल्या.

आपण कुठे नोकरी करतो हे हजेरीबाईने त्या दोघांना कधी सांगितलं नव्हतं. ह्या लेखाला हातच लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं. मास्तरांनी ते वाक्य लिहिलं, टाचणीने संदर्भ टोचला, आणि ती आपली दुसरीकडे एका राणीचे हार उतरवत बसली. सगळं सुरळीत होतं. पण एक दिवस दुपारी डबा खाताना तिने सहज बघितलं, तर ते वाक्य कोणीतरी काढून टाकलं होतं. हार पुन्हा गळ्यात आणि सतरा बायका गायब. हजेरीबाईला राग आला. भित्र्या माणसाचा राग फार वाईट, त्याला सवय नसते. तिने उष्ट्या हाताने ते वाक्य जसंच्या तसं परत ठेवलं आणि बटण दाबलं.

मग तिने लेखाचं इतिहासाचं पान उघडलं. कोणी, कधी, काय बदललं ते त्या पानावर ओळीने दिसतं. सगळ्यात वरच्या ओळीत ‘खोडरबर’ नव्हतं. आकड्यांची एक रांग होती.

काय झालं ते तिला लगेच कळलं. सकाळी वायरवाल्याने, म्हणजे ऑफिसातले संगणक सांभाळणाऱ्या माणसाने, तिचा संगणक बंद करून पुन्हा चालू केला होता. त्यात खोडरबर आपोआप बाहेर पडलं होतं. आणि ज्ञानकोशाचा रिवाज असा, की आपल्या नावाने आत न शिरता लिहिलं तर नावाच्या जागी तुमच्या इंटरनेटचा नंबर उमटतो. तो नंबर ऑफिसचा होता. जगात कोणीही बघावा, विचारावा, शोधावा.

तिने मोबाईलवरून दोघांना कळवलं. एक ओळ लिहायला चारदा खोडावं लागलं. मास्तरांचं उत्तर आलं, ‘घाबरू नका. नंबर लपवण्याची विनंती केली आहे. पण लपवणारेही आपल्यासारखे फुकटेच, जेवायला गेले असावेत.’ एरवी ती खुदकन हसली असती.

तेवढ्यात धाकट्या मालकांचं बोलावणं आलं. थोरल्यांचे हे नातू. बडतर्फीचा कागद, कारखान्याने दिलेल्या क्वार्टरची किल्ली परत करणं, रस्त्यावर मांडलेलं सामान, सगळं हजेरीबाईला केबिनपर्यंत चालता चालता दिसून गेलं.

“बाई, तुम्हाला संगणकातलं कळतं ना?” धाकटे मालक म्हणाले. शेजारी वायरवाला उभा होता. “हे बघा आजोबांबद्दल काय घाण लिहिलंय. मी काल काढून टाकलं होतं, आज पुन्हा हजर! पुतळा बसवतोय आपण त्यांचा, आणि लोक हे वाचणार? बसा इथे. काढा ते.”

हजेरीबाई बसली. आपणच घातलेलं वाक्य तिने मालकांच्या संगणकावरून काढलं. धाकटे मालक मागे उभे राहून श्वास सोडत होते, तो तिच्या मानेला लागत होता. वाक्य गेलं, आणि बघता बघता परत आलं. खाली टाचणीची ताकीद होती, ‘पुराव्यासह असलेला मजकूर काढू नये.’

“हा टाचणी कोण?” मालक कडाडले.

“माहीत नाही, साहेब.” हे खरंच होतं. टाचणी कोण हे तिला कधीच माहीत नव्हतं.

“पुन्हा काढा. आणि आज दुपारी हे परत कोणी घातलं, ते कळतं का ह्यात?”

तिने वाक्य पुन्हा काढलं. इतिहासाचं पान एका बोटाच्या अंतरावर होतं. “नाही कळत,” हजेरीबाई म्हणाली. आपला आवाज कुठून आला ते तिलाही समजलं नाही. वायरवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. “मी उद्या बघून सांगतो, साहेब,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने तिला जिन्यापाशी गाठलं. “बाई, कळतं हो. मी मघाशीच बघितलं. नंबर आपल्याच ऑफिसचा आहे. कोणाच्या टेबलावरून गेलं ते मला उद्या काढून द्यावं लागेल. मलाही घरी चार तोंडं आहेत.” तो वाईट माणूस नव्हता. त्यामुळे तिला आणखीच भीती वाटली, कारण त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

मोबाईलवर टाचणीचा निरोप येऊन पडला होता. ‘खोडरबर, तुमच्याच नंबरवरून तुमचंच वाक्य कोण काढतंय?’ तिने लिहिलं, ‘मीच. मी त्यांच्याच कारखान्यात आहे. मालक मागे उभे होते.’ मग मास्तरांनी लिहिलं, ‘वाक्य आम्ही तूर्त परत घालत नाही. ऐंशी वर्षं थांबलंय, आणखी थोडं थांबेल. तुमची नोकरी आधी.’ हजेरीबाईने ‘बरं’ लिहिलं. तिला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

सुट्टी झाल्यावर ती घरी आली. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या. तिच्या नोकरीवर मिळालेल्या, आणि त्यात ती, तिची वहिनी आणि वहिनीची दोन मुलं राहत. भाऊ ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवायचा. वहिनीही ह्याच कारखान्यात, पॅकिंगला, आणि ह्या आठवड्यात तिची संध्याकाळची पाळी होती. ती केस बांधत आरशासमोर उभी होती.

“काय गं, भूत बघितल्यासारखी का दिसतेस?”

हजेरीबाईला रडूच फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं. ज्ञानकोश, नंबर, वायरवाला, उद्या. “वहिनी, घर जाईल गं आपलं. माझ्या एका वाक्यापायी.”

“पण वाक्य तरी काय होतं एवढं?”

“दार बाहेरून लावलं होतं, हेच.”

वहिनीने पिन दातात धरली होती, ती काढून केसांत खोचली. “एवढंच? हात्तिच्या! आम्हाला तर रोज संध्याकाळी बाहेरूनच कडी घालतात. कुलूपसुद्धा. रिळं चोरीला जातात म्हणे. दिवसा ऑफिस चालू असतं तेव्हा उघडं ठेवतात. त्यात काय लिहायचं?” आणि पायात चपला सरकवून ती निघूनही गेली. “भात टाक गं मुलांना,” जिन्यातून तिचा आवाज आला.

हजेरीबाईने भात टाकला. मुलांना वाढलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळच्या पाळीची नावं तिनेच भरली होती. किती जणी आत गेल्या ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आत गेल्यावर काय होतं ते तिने कधी विचारलं नव्हतं. दुपारची भीती नोकरीची होती, आता ही वेगळीच आली. ही सहन होईना. तिने शेजारणीला मुलांकडे बघायला सांगितलं आणि ती कारखान्यात परत गेली.

पॅकिंगच्या दाराला खरंच कुलूप होतं. आतून यंत्रांचा आवाज येत होता आणि मध्येच कोणीतरी हसत होतं. किल्ली कुठे आहे? तर रखवालदाराच्या खिशात. आणि रखवालदार अंगणाच्या पार त्या टोकाला, फाटकापाशी चहा पीत.

“मामा, कुलूप काढा.”

“आता? कशाला, बाई?”

“हजेरी घ्यायचीय.” उभ्या आयुष्यात ती दुसऱ्यांदा खोटं बोलत होती, आणि दोन्ही आजच.

रखवालदार कुरकुरत आला. कडी निघाली, दार उघडलं, गरम हवेचा लोट अंगावर आला. आत कागदी खोक्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या आणि त्यांच्यामध्ये बायका. वहिनीने मान वर करून बघितलं आणि तिच्या हातातली दोरी तशीच राहिली.

“झाली ना मोजून?” रखवालदार म्हणाला. “सरका, लावतो.”

“नाही लावायचं.”

“अहो, मालकांचा हुकूम आहे. मला फोन करावा लागेल त्यांना.”

“करा.”

“कोणी अडवलं म्हणून सांगू?”

उद्या वायरवाल्याला काही शोधून काढायचं कारण उरणार नव्हतं, हे हजेरीबाईला समजत होतं. “माझं नाव सांगा,” ती म्हणाली.

रखवालदार फोन करायला फाटकाकडे गेला. हजेरीबाई उंबऱ्यावरच बसली. ती उठल्याशिवाय आता दार लागणार नव्हतं.