गाडीखालून आलेला ओके

डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी नाईक होतो. ट्रेड ऑटो इलेक्ट्रिशियन. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, किती शत्रू मारलेत? मी सांगतो, वीस वर्षं बल्ब बदलले. त्यांचा चेहरा पडतो. पण काम तेच होतं आणि ते कुणीतरी करावंच लागतं.

दिवस फर्स्ट परेडनं सुरू व्हायचा. म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधीची तपासणी. थ्री-टन गाडीला, म्हणजे फौजी ट्रकला, दोन माणसं असतात. ड्रायव्हर वर बसून एकेका भागाचं नाव पुकारतो, को-ड्रायव्हर गाडीखाली शिरून तो भाग हातानं हलवून बघतो आणि ओरडतो, ओके. टायर, ओके. ब्रेक पाइप, ओके. अर्थिंग, ओके. वरच्यानं खाली वाकून खात्री करायची नसते. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कुणी करत नाही, कारण खालच्याच्या ओकेवर शंका घेणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. मुलुंडच्या कुठल्याही गॅरेजमधला मेकॅनिक सख्ख्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, स्वतः बघतो. तो शहाणा. आम्हा फौजींची ही खोड काही जात नाही.

अर्थिंग म्हणजे काय ते सांगतो, पुढं लागेल. बॅटरीची एक केबल सेल्फकडे जाते, जो इंजिन फिरवून सुरू करतो. दुसरी केबल गाडीच्या चासीला बोल्टनं आवळलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. ती सैल झाली की बाकी सगळं धडधाकट असूनही गाडी मेलेली.

चार नंबर गाडीवर हरेश्वर वैती ड्रायव्हर होता. खारदांड्याचा कोळी. त्याचा को-ड्रायव्हर दळवी, मूळ मालवणकडचा, वाढला घाटकोपरला. मी मुलुंडचा. तिघं एका बराकीत, म्हणून आम्हाला सगळे बंबई पार्टी म्हणायचे. हरेश्वर सुट्टीवरून येताना सुके बोंबील आणायचा. वासाला वैतागून लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, कुकनं त्याची ट्रंक एकदा बराकीबाहेर काढून ठेवली होती. हरेश्वर शांतपणे ट्रंकेशेजारी जाऊन झोपला. तो भांडायचा नाही, पण हटायचाही नाही.

त्या हिवाळ्यात चार नंबरचा सेल्फ अडखळत होता. मी तो उघडला, कार्बन ब्रश बदलले, ट्रायल घेतली आणि गाडी परत दिली. दोन दिवसांनी कॉन्व्हॉय वर निघाला. परत उतरताना सीमेजवळच्या वळणावर समोरून गोळाबारी सुरू झाली. ऑर्डर आली, इंजिन बंद, आडोसा घ्या. मी खाली वर्कशॉपमध्ये वायरलेस सेटजवळ बसलो होतो. थोडा वेळ काहीच नाही. मग कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज आला. सेटवर तो वन, हरेश्वरची गाडी फोर.

"वन फॉर ऑल. मूव्ह. अभी मूव्ह."

"फोर फॉर वन. सेल्फ नहीं मार रहा. ओव्हर." हा हरेश्वर.

"फोर, जल्दी करो. पीछे सब अटके हैं."

"रॉजर."

मी ऐकलेला तो त्याचा शेवटचा शब्द. त्यानंतर सेटवर दळवी आला. "फोर फॉर वन. ड्रायव्हर हिट."

दळवीनं गाडी खाली आणली. हरेश्वर शेजारच्या सीटवर होता. एमआय रूमपर्यंत, म्हणजे युनिटच्या दवाखान्यापर्यंत, पोचायच्या आत तो गेला. दळवीनं जबाब दिला की सेल्फ फेल झाला, हरेश्वर बघायला उतरला आणि त्याला स्प्लिंटर लागलं, मग त्यानं स्वतः गाडी उतारावर सोडून सुरू केली. सेल्फला शेवटचा हात कुणी लावला होता? मी. गाडी दुसऱ्या वर्कशॉपला गेली, मला दाखवलीसुद्धा नाही. दळवीच्या जबाबावर ठपका माझ्यावर आला. मला तो अन्याय वाटला नाही. ब्रश मीच बसवले होते, मग चूक माझीच असणार. पुढची पट्टी उशिरा मिळाली, नायब सुभेदार मी झालोच नाही. दळवी झाला. त्या आठवड्यात तो रोज माझ्या खाटेवर येऊन बसायचा. म्हणायचा, होतं रे असं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते खारदांड्याला जाऊन वहिनीला सांगितलं. हरेश्वरच्या बायकोला. म्हटलं, वहिनी, मी दुरुस्त केलेला सेल्फ ऐनवेळी लागला नाही. ती उठून आत गेली. बाहेर आलीच नाही. पुढच्या वर्षी हरेश्वरच्या दिवशी, तो गेला त्या तारखेला, तिनं निरोप पाठवला, जेवायला या. तेव्हापासून दरवर्षी मी आणि दळवी जायचो. दळवीला ती आग्रह करकरून वाढायची, कारण तो हरेश्वरला खाली घेऊन आला होता. मला वाढताना ती ताटाकडे बघायची. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. मी मुकाट्यानं जेवून यायचो.

आता मुलुंडला माझा ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा आहे. दळवी गोरेगावच्या स्टुडिओंना शूटिंगसाठी जुन्या गाड्या पुरवतो. गेल्या वर्षी मी एका अल्टरनेटरसाठी मानखुर्दच्या भंगारवाल्याकडे गेलो होतो. मागच्या रांगेत एक थ्री-टन उभी होती, लिलावात निघालेली, नंतर कुणी पाण्याच्या टाकीसाठी वापरलेली. सवयीनं चासी नंबर बघितला. आमचीच गाडी. चार नंबर. ज्या गाडीनं माझी झोप घालवली तिचा नंबर मी विसरणार नव्हतो.

वहिनीला फोन केला. तिनं दोनदा विचारलं, तीच गाडी ना? मग म्हणाली, "भावोजी, मला त्यांची पेटी उघडू दिली नव्हती. ते कुठं बसले होते तेवढं तरी बघू दे. पण मेलेलं धूड बघायला मी येणार नाही. गाडी चालत दांड्याला आणा."

मी शब्द दिला. दळवीला सांगितलं तेव्हा तो आधी नको म्हणाला, मग म्हणाला, बरं, घेऊ. दोघांनी मिळून गाडी घेतली आणि गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. हरेश्वरच्या दिवसाला महिना होता. एका दिवसासाठी रस्त्यावर काढायची परवानगीही मी मिळवली.

इंजिन ठीक होतं. वायरिंगची वाट लागली होती, ती मी नव्यानं ओढली. नव्या बॅटऱ्या टाकल्या. मग फर्स्ट परेड. माझा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून खाली दळवी, वर मी. मी पुकारलं, त्यानं ओके दिले. चावी फिरवली. काहीच नाही. टिकसुद्धा नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये कळलं तर माझं पेन्शन बंद करतील. करंट असला की पेटतो तो टेस्ट लॅम्प घेऊन मी अख्खी सकाळ एकेक वायर तपासली. कुठंच उजेड नाही. डॅशबोर्ड उकलला, फ्यूज बॉक्स बाहेर काढला, नवी वायरिंग पुन्हा सोडवली. दुपारी लक्षात आलं की टेस्ट लॅम्पचा स्वतःचाच बल्ब उडालेला आहे. शेजारचा पंक्चरवाला पोट धरून हसला. बल्ब बदलला. लॅम्पची क्लिप चासीला लावली, टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर टेकवलं. तरी उजेड नाही. इथं कालचा पोरगासुद्धा म्हणेल, अर्थिंग बघा. मीही पुकारलं, "अर्थिंग परत बघ रे." खालून आवाज आला, "ओके आहे. मस्त टाइट आहे."

संपलं. दळवी ओके म्हणाला म्हणजे अर्थिंग यादीतून गेलं. मग मी क्लिपखालचा रंग खरवडला, सेल्फला करंट सोडणारा सोलेनॉइड नवा टाकला, पॉझिटिव्ह केबल बदलली, सेल्फ उतरवून ब्रश बदलले. मला वाटलं, ही गाडी माझ्या हाताला दाद देणार नाही, तेव्हाही दिली नव्हती. दळवी म्हणाला, सोड ना यार, नशिबात नाही. मी वहिनीला काय तोंड दाखवणार, एवढाच विचार डोक्यात होता. दिवस जवळ येत चालला होता.

एका सकाळी दळवी नसताना एक तरुण टेप घेऊन आला आणि गाडीची लांबी मोजू लागला. मी विचारलं, कोण? म्हणाला, गोरेगावहून, स्टुडिओतून. लढाईचा सीन आहे, ब्लास्टमध्ये ही गाडी उडवायची आहे. दळवी साहेबांनी ठरवून दिली आहे, चालू होणारच नाही म्हणाले, म्हणून जाळायला दिली.

मी त्याला चहा पाजून परत पाठवला. मग जमिनीवर ताडपत्री टाकली आणि गुडघा गेला खड्ड्यात म्हणून गाडीखाली शिरलो. अर्थिंगचा बोल्ट खरंच टाइट होता. पण केबल आणि चासी यांच्यामध्ये ट्यूबच्या रबराचा तुकडा घातलेला होता. बोल्टलाही इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. नीटनेटकी, फौजी पद्धतीनं. मी रबर काढलं, टेप सोलली, बोल्ट आवळला. वर चढून चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

इंजिन तसंच चालू ठेवून मी दळवीला फोन लावला. काही बोललो नाही. त्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, येतो.

तो आला तेव्हा मी रबराचा तुकडा बॉनेटवर ठेवला होता. मला त्याला मारायचं होतं. खरंच सांगतो, पाना हातात होता. मी विचारलं, "जाळायची होती तर सांगायचं. हे कशाला?"

तो तुकड्याकडेच बघत राहिला. "त्या दिवशीपण अर्थिंगच होतं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. त्या सकाळी खाली बर्फाचा चिखल होता. तो गाडीखाली शिरलाच नाही. बंपरजवळ उभा राहून ओके ओके म्हणत गेला. वाटेत खड्ड्यांनी केबल सैल झाली. सेल्फ लागला नाही तेव्हा हरेश्वर खाली शिरला, त्यानं केबल आवळली आणि बाहेर येताना त्याला लागलं.

"उतारावर सोडून सुरू केलीस म्हणालास."

"नाही. मी चावी फिरवली. एका झटक्यात सुरू झाली." तो खाली बसला. "तुझा सेल्फ चांगला होता. गाडी जळली की ते कधी निघणारच नाही, असं वाटलं. मी सांगणार होतो रे. माका जमला नाय."

"तू माझ्या खाटेवर येऊन बसायचास."

एवढी वर्षं मी एका माणसाचं मरण माझ्या हातांवर वागवलं, आणि ज्याला ठाऊक होतं तोच मला समजावत होता. त्याची भीती मी समजू शकतो. डोंगरात आम्ही सगळेच घाबरत होतो. ती खाट मात्र मी त्याला माफ करणार नाही. मी म्हटलं, रविवारी हरेश्वरचा दिवस आहे, दांड्याला ये आणि वहिनीला स्वतः सांग. तो हो म्हणाला.

रविवारी तो आला नाही. मी तास वाट बघितली. फोन बंद होता. एकटाच निघालो.

खारदांड्यात गाडी वळवायला पोरांनी मासळी सुकवायच्या काठ्या बाजूला केल्या, दोन बायांनी आपले पाट उचलले. वहिनी दारात उभी होती. तिनं इंजिनचा आवाज ऐकला आणि पदर खोचून सरळ केबिनमध्ये चढली. मी शेजारची सीट दाखवली. ती त्यावर बसली, दोन्ही हात सीटवर ठेवून. मग विचारलं, "दळवीभावोजी कुठं राहिले?"

मी सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही.

"तो दरवर्षी माझ्या हातचं जेवून जातो," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही. तिनं पुढं विचारलं, "मग ती केबल कुणी लावली म्हणालात?"

"हरेश्वरनं."

"आणि गाडी खालपर्यंत चालली?"

"चालली. कुठं अडली नाही."

ती समोरच्या काचेतून समुद्राकडे बघत राहिली. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. चालू राहू दे." आम्ही तसेच बसलो. बाहेर माणसं जमली होती, तिची जाऊ, शेजारी, होड्यांवरची पोरं. तिनं काच खाली केली आणि त्यांना म्हणाली, "आमच्या यांनी दुरुस्त केलेली गाडी आहे ही."

दळवी आता फोन उचलत नाही, मीही करत नाही. गाडी माझ्या गाळ्यामागं आहे. लोक विचारतात, तुमच्या कंपनीचं कोण शहीद झालं? मी सांगतो, नाईक हरेश्वर वैती, खारदांडा. गोळाबारीत गाडीखाली शिरून त्यानं एक बोल्ट आवळला. मागच्या सगळ्या गाड्यांची माणसं त्या दिवशी जिवंत खाली आली, आणि त्याच गाडीनं त्यालाही खाली आणलं.