जयाबेनचा हात

वाढदिवसाला जयाबेन केक कापत नसत, कान तपासत. सरावलीला आमच्या पिठाच्या गिरणीला लागूनच त्यांचं घर. तलासरीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या; लग्नाच्या भानगडीत काही पडल्या नाहीत. वाढदिवसाच्या सकाळी गल्लीतली पोरं आणि आम्ही बायका, सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवायच्या, पंखा बंद करायच्या आणि मोबाईलवर शिट्टीसारखा एक आवाज लावायच्या. तो बारीक होत होत वर चढत जायचा. ऐकू येतोय तोवर हात वर, येईनासा झाला की खाली. मोठ्यांचे हात आधी पडायचे, पोरांचे वरच. स्वतःचा हात खाली आला की जयाबेन हसून म्हणायच्या, "चालो, या वर्षी एवढा आवाज देवाला परत दिला!" मग सगळ्यांना गूळ-तुपातली सुखडी.

मला तो पोरखेळ वाटायचा. सुखडीला पीठ माझ्या गिरणीचं, म्हणून मी जायचे, एवढंच. शेजारणीचा हात बघून आपला वरखाली करायचे. शाळेतली कॉपीची सवय, दुसरं काय!

त्या वर्षी मात्र माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सून वर्षा आणि मी, आमच्यात विस्तव जात नव्हता. माझं म्हणणं एकच, ही बया तोंडातल्या तोंडात पुटपुटते. समोर बोलायची धमक नाही, पाठ फिरली की सुरू! "काय बोललीस? पुन्हा बोल!" असं मी खेकसले की ती गप्प. शेवटी माझा मुलगा नितीन म्हणाला, "आई, डहाणू रोडला खोली बघितलीय. पहिल्या तारखेला जातो आम्ही." एकुलता एक मुलगा. "जा की, मी काय अडवलंय?" म्हटलं आणि गिरणीत जाऊन पट्टा चढवला. त्या घरघरीत रडलेलं कुणाला ऐकू जात नाही.

जयाबेनना भिंतीपलीकडून आमची सगळी भांडणं ऐकू जायची. वाढदिवसाला त्यांनी वर्षालाही बोलावलं आणि फर्मान सोडलं, "आज डोळे मिटून. सगळ्यांनी. सुमन, तू पण."

मी डोळे मिटले. आवाज आला, चढला, थांबला. "संपलं की हो!" म्हणत मी हात खाली घेतला आणि डोळे उघडले. बघते तर एकाचाही हात खाली नव्हता. पोरांचे वर, वर्षाचा वर, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या जयाबेनचा वाळक्या शेंगेसारखा हातसुद्धा वर.

पोरं सुखडी घेऊन पळाली. आम्हा दोघींना जयाबेननी थांबवून घेतलं.

"सुमन, तुझी सून पुटपुटत नाय. तिचा आवाजच बारीक हाय, आणि बारीक आवाज तुझ्या कानातून गेला. गिरणीनं दळून टाकला. बरोबर ने?"

"म्हणजे मी बहिरी?" मी उसळले. "तुमचं बरं ऐकू येतं सगळं!"

"मी मास्तरीण. शेवटच्या बाकापर्यंत बोलते, ते पण तोंडासमोर. ती बिचारी गॅसकडे तोंड करून बोलते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "फोन काय डॉक्टर नाय, हा नुसता अंदाज. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते ने." आणि वर्षाकडे वळून, "तू पण बेटा, सासूकडे पाठ करून बोलायचं नाय. समोर ये, मग बोल."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काही दिवसांनी कानात मशीन आलं आणि नुसता वैताग! पिशवी चुरगाळली तरी कानात फटाके. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशेजारी भाजी निवडत होते. वर्षाची पाठ माझ्याकडे होती. तेवढ्यात अगदी बारीक, गोड आवाज आला, "आई, चहात आलं घालू का?"

"रोज हेच विचारायचीस?" मी म्हटलं.

"हो. तुम्ही खेकसलात की बिनआल्याचा करायचे."

त्या दिवशी पट्टा न चढवताच रडले, सुनेच्या खांद्यावर. डहाणू रोडची खोली राहून गेली. जयाबेन नसत्या तर माझं घर माझ्याच तोंडानं मोडलं असतं. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

गेल्या वर्षी जयाबेन गेल्या. त्यांच्या शेवटच्या वाढदिवसाला पोरं त्यांच्या खाटेभोवती बसली होती. आवाज जेमतेम चढला आणि त्यांचा हात खाली आला. मला बघवेना. तोंडासमोर जाऊन सावकाश विचारलं, "जयाबेन, बंद करू का?"

त्या पोरांच्या वर झालेल्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बंद कशाला? माझा संपला. आवाज चालू हाय ने?"

यंदा त्यांच्या वाढदिवसाला आम्ही पोरांना आमच्याच स्वयंपाकघरात बसवलं. सुखडी वर्षानं केली. मी मशीन काढून बसले. माझा हात सगळ्यांत आधी पडला. डोळे उघडले तर वर्षाचा वर होता, तो बघत बसले.

चालू आहे, जयाबेन.