बनुबाईची राहिलेली गोधडी

घोडेगावच्या अलीकडच्या एका वाडीत राहणाऱ्या बनुबाईला कुठलंही काम सुरू करायला फार आवडायचं. नवं काम हाती घेतलं की तिला भूक-तहान आठवत नसे. पण ते निम्म्यावर आलं, पुढं काय होणार हे डोळ्यांपुढं दिसायला लागलं, की तिचं मन उडायचं. मग ते काम गाठोड्यात जायचं आणि गाठोडं उतरंडीमागं. "करीन की सवडीनं," असं ती म्हणायची. शेतकऱ्याच्या घरात सवड कुणी पाहिलेली नसते, त्यामुळं तिला कुणी फारसं टोकतही नसे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सवड आपण होऊन तिच्या दारात आली. पावसानं आधीच पाठ फिरवली होती. विहिरीच्या तळाला नुसता चिखल राहिला होता. नवरा भिमाजी बैलजोडी घेऊन जनावरांच्या छावणीवर जाऊन राहिला होता. उरलेली वाडी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तशी बनुबाईही जायची. एक दिवस शेजारच्या ढिगावरून दगडाची कपची उडाली आणि तिच्या पायात घुसली. कामावरच्या कंपाउंडरनं ती उपसून काढली, पण पाय भोपळ्यासारखा सुजला. "मावशी, पाय अजिबात टेकायचा नाही," असं बजावून त्यानं तिला खडीच्या ट्रकमधून घरी पाठवून दिलं.

मुलगा कानिफनाथ आणि सून पुष्पावती उजाडायच्या आत कामावर निघून जायची. जाताना सून रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवायची. सुरुवातीला बनुबाई नुसती झोपली. मग झोप संपली. ओसरीवर पाय लांब करून भिंतीला टेकायचं आणि समोरच्या ओसाड रानाकडं बघायचं, याला ती लवकरच कंटाळली. एका संध्याकाळी तिनं सुनेला सांगितलं, "तेवढं उतरंडीमागचं गाठुडं काढ बरं."

पुष्पावतीनं ते सोडलं आणि तिला हसू आवरेना. वर एक लहानसं दुपटं होतं, तीन बाजूंनी शिवलेलं.

"आत्याबाई, हे कुनाचं हो?"

"तुझ्या नवऱ्याचं. त्याला दात यायच्या आत पुरं करायचं हुतं."

"आता त्यांना मिशा आल्यात."

"मंग काय झालं? टाकं तर तेवढंच ऱ्हायलंत," बनुबाई म्हणाली आणि सुईत दोरा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुपटं पुरं झालं. पुष्पावतीनं ते बघितलं, घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवून दिलं.

त्याखाली मण्यांचा मोर निघाला. अंग, मान, तुरा सगळं झालं होतं, शेपटी तेवढी राहिली होती. डबीत मणी जेमतेम मूठभर उरलेले. एवढ्यात पिसारा होणं शक्य नव्हतं. बनुबाईनं थोडा विचार केला, तुरा उसवून बारका केला, आखूड शेपटी लावली आणि मोराची लांडोर करून ती चौकटीवर टांगली.

गाठोड्याच्या तळाशी मोठी गोधडी होती. ती बाहेर काढल्यावर मात्र बनुबाईनं तिला लगेच हात लावला नाही.

ती गोधडी तिनं एकटीनं घातलेली नव्हती. धाकटी जाऊ रंगुबाई आणि ती, दोघींनी मिळून एका उन्हाळ्यात ती शिवायला घेतली होती. एका अंगाला बनुबाईचं हिरवं लुगडं, दुसऱ्या अंगाला रंगुबाईचं लग्नातलं जांभळं. दोघी दोन टोकांना बसायच्या आणि शिवत शिवत मध्याकडं सरकायच्या. त्याच पावसाळ्यात दोघींच्या नवऱ्यांत, भावाभावांत, बांधावरून बिनसलं आणि वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली. भांडी, कणगी, औतं, खुंटीवरच्या दोरखंडापर्यंत सगळं वाटलं गेलं. गोधडी कुणाच्याच वाट्याला धरली गेली नाही. भिंतीपलीकडून रंगुबाईनं एकदा निरोप धाडला होता, 'माझं लुगडं हाय त्यात, मधनं कापून माझं मला द्या.' बनुबाईनं ती कापलीही नाही आणि पुढं शिवलीही नाही. त्यानंतर दोघी पाण्याला जायच्या त्यासुद्धा वेगवेगळ्या वाटेनं.

आता तिनं ती ओसरीवर पसरली. मध्ये अडकवलेली जुनी सुई गंजून मोडली होती, ती काढून टाकली आणि आपल्या अंगानं शिवायला लागली. तिचा टाका लांब असायचा, रंगुबाईचा तिळाएवढा. हिरवं संपून जांभळं सुरू झालं, तसा बनुबाईनं आपला टाका आखडून बघितला. चार-सहा ओळी तशा घातल्या आणि थांबली. पुढचा भाग आपला नव्हे, असं तिला वाटलं. तिनं सुई तिथंच टोचून ठेवली.

खडी फोडताना पुष्पावती नेहमी चुलतसासू रंगुबाईच्या शेजारीच बसायची. भिंत थोरल्यांची होती. सुनेनं अबोला धरलेला नव्हता. बोलता बोलता ती म्हणाली, "आत्याबाईंची गोधडी तुमच्या लुगड्यापाशी येऊन अडलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हामुळं काम थांबलं, तेव्हा रंगुबाई धुळीनं माखलेल्या डोक्यानं थेट बनुबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"माझं लुगडं बघाया आले."

"बघ की. हितंच हाय."

रंगुबाईनं वाकून गोधडीचं टोक उलटं केलं, मागची बाजू बोटानं चाचपली.

"हे टाके माझे न्हाईत."

"माझे हायेत. तुझ्यावानी घालून बघितले."

"जमलं न्हाई."

"न्हाई जमलं," बनुबाई म्हणाली.

रंगुबाई खाली बसली. सुई उचलली, पण हातोड्यानं तिच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते आणि सुई ओढताना तिचा चेहरा आक्रसत होता. बनुबाईनं एक चिंधी फाडून तिच्या तळव्याला बांधली. मग दोघी शिवत राहिल्या. बऱ्याच वेळानं रंगुबाईनं विचारलं, "कापा म्हनले हुते, तवा कापली का न्हाई?"

"कातर कुटं हुती? कातर तुझ्याकडं गेल्ती वाटणीत."

"व्हय, माझ्याचकडं हाय."

"मंग तूच का न्हाई आली घेऊन?"

रंगुबाईनं दातानं दोरा तोडला आणि नवा ओवण्यासाठी सुई जावेपुढं धरली.

ती रोज दुपारी यायला लागली. गोधडी पुरी झाली तेव्हा ती आता कुणी ठेवायची हे ठरेना. शेवटी रंगुबाईच म्हणाली, "छावनीत धाडा. दोघंबी भाऊ खडकावर पडत्यात."

दोघं भाऊ एकाच छावणीवर होते. भिमाजीचे बैल एका दावणीला, धाकट्या राधाकृष्णाचे दुसऱ्या. कानिफनाथ गोधडी खांद्यावर टाकून गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. जावांनी त्याला ओसरीवरच गाठलं.

"दिली का?"

"दिली. पन निजायला न्हाई लागली."

राधाकृष्णाचा एक बैल अशक्त होऊन बसला होता. छावणीत बसलेलं जनावर सहसा उठत नसे. माणसांनी शेपटी पिळून बघितली, अंगाखाली पोती घालून उचलून बघितलं, पोती फाटली. कानिफनाथ पोचला तेव्हा काका बैलाच्या डोक्याशी बसून होता. भिमाजीनं गोधडी हातात घेतली, दाबून बघितली आणि भावाला म्हणाला, "ऊठ. ते टोक धर." दोघांनी ती बैलाच्या पोटाखालून घातली, आणखी माणसं बोलावली आणि बैल वर घेतला. बैल थरथरला, पाय फाकवून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

"आन् गोधडी?" रंगुबाईनं विचारलं.

"जरा उसवली. शेनानं बरबटलीय."

"ऱ्हाऊ द्या तिथंच," बनुबाई म्हणाली.

पुढं मोठं काही घडलं नाही. भिंत जिथल्या तिथं राहिली. भाऊ बैलांबद्दल आणि चाऱ्याबद्दल बोलायला लागले, बांधाचं नाव दोघांनीही काढलं नाही. पाय जमिनीवर टेकायला लागल्यावर बनुबाई पुन्हा कामावर गेली. थोडी लंगडत चालायची, म्हणून सकाळी रंगुबाई तिच्यासाठी वळणावर थांबायची आणि मग दोघी एकाच ढिगावर खडी फोडायला बसायच्या.