न आवळलेला नट

नागपूरच्या नंदनवन वस्तीत कवडू येळणे कुठं राहतो असं विचारलं, की लोक आधी गॅरेज दाखवत, मग घर. मौद्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून तो सतराव्या वर्षी नागपुरात आला. आता पंचावन्नाव्या वर्षी जुन्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. गाडी दारात थांबायच्या आत, नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगे. त्याचा त्याला गर्व होता आणि तो गर्व लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मनीषनगरच्या दातांच्या डॉक्टर उत्तराताई यांच्याकडे वडिलांची जुनी जीप होती. पंचवीस वर्षं ती कवडूच्याच हाताखालून गेली होती. जुन्या गाड्यांची नागपूर ते लेह अशी रॅली जाहीर झाली, तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही सोबत असाल तरच मी नाव देते." चौकातल्या लोकांनी बॅनर लावलं. त्यावर कवडूचा फोटो ताईंच्या फोटोपेक्षा मोठा होता.

हिमाचलातल्या केलाँगपर्यंत सगळं नीट चाललं. तिथं अंगरूप नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून ऑइल घेऊन कवडू जीपखाली शिरला. जुनं ऑइल सोडलं, इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा नट बोटांनी फिरवून बसवला आणि पान्याकडे हात नेला, तोच फोन वाजला. चौकातली मंडळी व्हिडिओवर होती. कवडू बाहेर आला, फोन उंच धरून बर्फाचे डोंगर दाखवू लागला. "पहा लेकहो! नंदनवनचा माणूस कुठं उभा आहे तं पहा!" बोलणं झालं, त्याने वरून नवं ऑइल ओतलं आणि बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सरचूचा तळ मागं पडला. सगळीकडे उघडे, मातकट डोंगर. झाड नाही, वस्ती नाही, फोनला रेंज नाही.

"काका, ऑइलचा लाल दिवा लागून राहिला," उत्तराताई म्हणाल्या.

कवडूने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "वायर लूज असन, ताई. या गाडीले मी ओळखतो. चालू द्या."

थोड्या वेळाने लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, जोराचा हिसका बसला आणि जीप थांबली ती थांबलीच. इंजिन जाम झालं होतं.

कवडू खाली शिरला. चेंबरच्या बुडाशी नटाच्या जागी नुसतं भोक होतं. काय झालं ते त्याला एका क्षणात कळलं. उताणा पडल्या पडल्या त्याला ताईंचे बूट दिसत होते. ओरडून सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्याने कमरेच्या पिशवीतला जादा नट काढला, भोकात बसवला आणि पान्याने करकचून आवळला.

"ऑइल खराब निघालं, ताई," बाहेर येऊन तो म्हणाला. "त्या केलाँगवाल्यानं भेसळीचं देल्लं."

ताईंनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून एवढं तरी आलो, काका."

रॅलीतल्या गाड्या एकेक करून हात हलवत पुढं गेल्या. संध्याकाळी एका ट्रकने जीप ओढून नेली.

नागपुरात परतल्यावर लोकांनी कवडूची कीव केली. "तुमचा काय दोष गा? मालच खोटा निघाला!" तो मान डोलवी. पण उत्तराताईंनी रॅलीच्या ग्रुपवर अंगरूपच्या दुकानाचं नाव टाकलं आणि ते पसरत गेलं. कोणी लिहिलं चोर, कोणी लिहिलं बंद करा याचं दुकान. ऑइल घेताना त्या म्हाताऱ्याने कवडूला तिकडचा लोणी घातलेला खारट चहा पाजला होता, स्वतःचं स्टूल बसायला दिलं होतं.

कवडूला जेवण जाईना. एका दुपारी पंचफुलाने, त्याच्या बायकोने, त्याने न जेवता सरकवलेलं ताट उचललंच नाही. "काहून जी, पोटात दुखते का?"

त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

दुसऱ्या दिवशी ताईंच्या दवाखान्यातले पेशंट संपेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर खुर्ची असून बसला नाही. "ताई, ऑइल चांगलं होतं. नट मी आवळला नव्हता. तो गळून पडला, मग दुसरा बसवून तुमच्यापासून लपवलं."

उत्तराताईंनी हातमोजे काढले. "गाडीचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला मी चोर ठरवलं, काका. तुमच्या भरवशावर."

त्यांनी ऑइलच्या बिलावरचा अंगरूपचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. कवडूने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

"हमको भी शक हो गया था अपने माल पर," अंगरूप म्हणाला. "वही तेल अपनी गाड़ी में डालके देखा. ठीक चला." मग म्हणाला, "बोल दिया, अच्छा किया." आणि फोन ठेवला.

ताईंनी त्याच दिवशी ग्रुपवर माफी मागितली. चूक कवडूची होती, हेही त्याच्याच सांगण्यावरून खाली लिहिलं. चौकात दोन-चार दिवस हशा झाला. बॅनर त्याने स्वतःच शिडी लावून उतरवलं.

परत आणलेली जीप ताईंनी दुरुस्तीला कन्हानच्या अंकुश नावाच्या मिस्त्रीकडे दिली. कवडूला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं. एका मंगळवारी गॅरेज बंद ठेवून तो बसने कन्हानला गेला. अंकुश वयाने त्याच्या निम्मा होता.

"मी कवडू येळणे. ही जीप माह्याच चुकीनं बंद पडली," तो म्हणाला. "इच्या खोड्या तुले सांगून ठेवतो."

अंकुशने वही आणली. दुसरा गिअर कुठं अडतो, थंडीत डिझेलच्या पंपात हवा कशी अडकते, कुठला पाइप कधी बदलला, कवडू उभ्या उभ्या सांगत गेला. जीपला मात्र त्याने हात लावला नाही.