तिकिटांवरचे पाणबुडे

सुट्टी संपत आली होती आणि आई काही केल्या मला परत जाऊ द्यायला तयार नव्हती. आखातातल्या ज्या बोटीवर मी कामाला आहे, तिथून पाणबुडे समुद्राच्या तळाशी उतरून पाइप दुरुस्त करतात. मी त्यांतला नव्हे. मी वर डेकवर उभा राहून खाली गेलेल्याची हवेची नळी आणि दोर धरतो. लागेल तेवढा सोडायचा, सैल पडला की ओढून घ्यायचा. आईला फोनवर कितीदा सांगितलं असेल! पण पाणबुड्यांच्या बोटीवर म्हणजे पोरगा पाण्यात, हे तिच्या डोक्यातून जाईना. आठवीत शाळा सोडलेल्याला दुसरी अशी नोकरी कोण देणार, या विचारानं मला घरात बसवेना.

शेवटी महाडला चाचांकडे गेलो. ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली. ते उपकार फिटायचे नाहीत. त्यांची सारी उमर बोटींवर स्वयंपाक करण्यात गेली, आणि बंदराबंदरातून त्यांनी टपाल तिकिटं जमवली, फक्त पाणबुड्यांची. तो अल्बम त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"अम्माला दाखव. तसवीर बघितली की समजेल. पण बोट लावायचं नाय हां, घामानं खराब होतात. आमची बेगमसुद्धा लांबूनच बघते."

पोलादपूरपर्यंत एसटीत आणि पुढे आमच्या गावच्या, कुडपणच्या जीपमध्ये मी अल्बम पोटाशी धरून बसलो. शेजारच्या आजीच्या कॅनमधलं ताक प्रत्येक वळणाला हिंदकळत होतं, आणि माझा जीव वरखाली.

चाचांनी तिकिटं जुन्यापासून नव्यापर्यंत लावली होती. मला वाटलं, बरंच झालं. कामात किती सुधारणा झाली ते आईला आपोआप दिसेल.

पहिल्या पानावर पाण्यात पालथी सोडलेली मोठी घंटा, आत अडकलेल्या हवेत बसलेली माणसं. आई म्हणाली, "हंड्यात कोंडलंय गो बाय." पुढे पितळेचा गोल टोप आणि शिशाचे बूट घातलेला पाणबुड्या.

"तपेलं घातलंय काय रे डोक्यावर? आणि ही शेपटी कसली?"

"हवेची नळी. बाजूला दोर हाय बघ."

"हां."

मग पाठीवर टाकी, पायात बदकाचे पंजे, मोकळा पोहणारा माणूस. मी फुशारकीनं म्हणालो, "बघ, किती सुटसुटीत!"

आईचा चेहरा उतरला. "याचा दोर कुठं गेला?"

"लागत नाय आता. हवा पाठीवरच."

"मग वर कोण ओढणार त्याला? आधीचे शहाणे होते." तिनं अल्बम मिटला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या वाडीत विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो, तेव्हा त्याच्या कमरेचा दोर घरच्याच माणसानं धरायचा. धरणाऱ्याशी कोणी बोलत नाही, तंबाखूसुद्धा मागत नाही. बाबा उतरायचे तेव्हा दोराचा एक वेढा आंब्याला असे आणि टोक आईच्या हातात.

मी परत पितळी टोपाचं पान काढलं. "आमच्याकडं असंच हाय अजून. टोप नवा, पण नळी नि दोर हायेत."

"धरलाय कोणी? दिसत नाय."

दोर तिकिटाच्या दातेरी कडेशी जाऊन संपला होता. मी कडेबाहेरच्या कोऱ्या कागदावर बोट टेकवलं. "इथं मी."

आईनं दोरावरून बोट फिरवलं, तळापासून माझ्या बोटापर्यंत. चाचांचं सांगणं माझ्या तोंडातच राहिलं.

"खाली कोण असतो?"

"केरळचा एक."

"आई हाय त्याची?"

मला ठाऊक नव्हतं.

"दोर धरतोस नि एवढं ठाऊक नाय?" ती चुलीकडे वळली. "जा. पण दोर हातात असताना माझा फोन आला तरी घेऊ नको."

बोटीवर आल्या आल्या त्याला विचारलं. आई आहे. तो हसायला लागला. त्यानं घरी सांगून ठेवलंय, की तो वर डेकवर उभा राहून दोर धरतो.

तेव्हापासून तो खाली गेला की मी दोरावरची नजर काढत नाही. मागे कोणी चहा ठेवून जातं. मी वळत नाही, आणि चहा गार होतो.