घरमालकांची माघार

अपडेटला 'नको' म्हणणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणीही न विचारणं, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. एरवी माणसं 'नंतर आठवण करा' हे बटण दाबत महिनेच्या महिने काढतात. आमच्या काकांना ते बटण दिसतच नसे. लॅपटॉप असो की टीव्ही, कुणीही अपडेटची परवानगी मागितली की ते आधी चष्मा पुसत, खुर्ची सरळ करत आणि प्रसाद घ्यावा तशा चेहऱ्याने 'होय' दाबत. "एवढ्या लांबून कोण तरी आपल्यासाठी काय तरी करून पाठवलंय सार, नको म्हटलं तर बरं दिसतंय काय?" असं ते मला विचारत. पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आल्यावर चामराजपुरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला, तेव्हाही त्यांनी माझी नोकरी, मूळ गाव, मांसाहार यांपैकी कशाचीही चौकशी केली नाही. माझा फोन मागून घेतला, सेटिंग उघडून पाहिलं, "अय्यो, तीन अपडेट पेंडिंग!" म्हणून हळहळले आणि ते सगळे पूर्ण झाल्यावरच किल्ली माझ्या हातात ठेवली.

काका रेशीम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्या घोडदळातून घोडे गेले, तलवारी गेल्या, पण मराठी तेवढी घरात टिकली. ती मराठी एका वाक्यात दोनदा तरी कानडीत जाऊन येई. "सार, गीझर सुम्ने चालू ठेवू नका, स्वल्प बघत जा," असं ते जिन्यातून ओरडत आणि माझी बायको माझ्याकडे बघे. मग सुम्ने म्हणजे उगाच आणि स्वल्प म्हणजे जरा, हे आम्हाला हळूहळू उमगत गेलं. पणजोबांकडून आलेला दुसरा वारसा म्हणजे मागे न फिरणं. सकाळी फिरायला निघाल्यावर छत्री घरी राहिल्याचं ध्यानात आलं, तर काका त्याच रस्त्याने कधीही परतत नसत. चार गल्ल्यांचा वळसा घालून, दुसऱ्या बाजूने घरात शिरून छत्री घेत. एकदा चुकीच्या बसमध्ये बसले, तर मध्ये उतरायचं सोडून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे कॉफी प्यायले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "चांगला एरिया आहे सार, बघून ठेवलो."

या माणसाचा जीव एकाच माणसात अडकलेला होता. म्हैसूरजवळच्या बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला एक स्वेटरवाला. तो पूर्वी दर हिवाळ्यात म्हैसूरला येऊन फुटपाथवर स्वेटर विकायचा. म्हैसूरच्या थंडीत स्वेटर घालणारा माणूस एकतर पेशंट तरी असतो किंवा हौशी तरी. काका हौशी होते. एका स्वेटरच्या घासाघिशीत दोघांनाही बुद्धिबळ येतं असा शोध लागला आणि गिऱ्हाइकं उभी ठेवून तिथेच डाव पडू लागले. दोघांची समाईक भाषा कानडी. पुढे मित्राचं वय झालं, तो बैलकुप्प्यातच राहू लागला आणि त्याला ऐकू येईनासं झालं. तेव्हा त्याच्या मुलीने दोन्हीकडे व्हिडिओ कॉलची सोय करून दिली. दुपारची कॉफी झाली की इकडे काका आणि तिकडे तो आपापला पट मांडून बसत. मित्र ओठ बघून बोलणं ओळखायचा, म्हणून काका स्क्रीनसमोर एकेक अक्षर तोंड वासून उच्चारत. खिडकीबाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी दंतवैद्याकडे आलंय.

एके दिवशी काका जिना चढून वर आले ते चष्मा न घालताच. एवढ्यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. सकाळी त्यांच्या लॅपटॉपने मोठा अपडेट घेतला होता. तास-दीड तास गोल गोल फिरून तो पुन्हा उघडला, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त वायफाय नव्हतं. नुसतं तुटलेलं नव्हतं. वायफायचं चिन्हच नाहीसं होऊन तिथे पृथ्वीचा गोळा आला होता. "उद्या सकाळी त्याला बेंगळुरूला नेतात सार. हार्टचं ऑपरेशन," काका म्हणाले. "आज बोलायलाच पाहिजे." मी कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे, पण काकांच्या मते गळ्यात ओळखपत्र अडकवणारा प्रत्येक माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

मी त्यांच्यामागे खाली गेलो. माझ्या फोनवर त्यांचं वायफाय नीट चालत होतं, म्हणजे राउटर निर्दोष होता. तरी तो बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबून पाहिलं. लॅपटॉपमध्ये दोष शोधणारा एक प्रोग्राम असतो, त्याने बराच विचार करून काहीच बिघाड नसल्याचं सांगितलं. "हे आमच्या फॅमिली डॉक्टरसारखं झालं," काका म्हणाले. फोनची वायर जोडून लॅपटॉपला नेट देता येतं, असं वाचलं. माझी वायर फक्त चार्जिंगची निघाली. शेवटी मी म्हटलं, "काका, माझ्या फोनवरूनच कॉल करू. तुमचा पासवर्ड काय?"

"तो लॅपटॉपला माहिती आहे की. मला कशाला?"

तिकडे मित्राला मुलीने काकांच्या फोटोवर बोट ठेवायचं तेवढं शिकवलं होतं, आणि ते बोट याच लॅपटॉपवर येऊन पोचायचं. मुलगी बेंगळुरूला हॉस्पिटलच्या धावपळीत होती, फोन उचलत नव्हती. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी आपला पट मांडून ठेवला होता, अर्धा खेळलेला. मी फोनवर शोधत राहिलो आणि एका ठिकाणी आमचंच दुखणं सापडलं. वायफायच्या यंत्राला चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटने जुना काढून नवा ड्रायव्हर बसवला होता आणि त्याला हे जुनं यंत्र चालवता येत नव्हतं. उपाय सोपा होता: आत जाऊन 'रोल बॅक' दाबायचं.

"म्हणजे?"

"म्हणजे जुन्याला परत बोलवायचं. मागे जायचं."

काका माझ्याकडे बघत राहिले. "माघार," ते म्हणाले. मग उगाच टेबल पुसलं, पटावरचा एक घोडा उचलून परत तिथेच ठेवला. काही वेळाने त्यांनी खिशातून चष्मा काढून पुसला, खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "सरका सार. माझ्या हातानेच करतो."

त्यांनी बटण दाबलं, तर लॅपटॉपने एक चौकट उघडून विचारलं, तुम्ही मागे का जात आहात? खाली कारणं दिली होती, त्यांतलं एकही काकांना पटलं नाही. त्यांनी 'इतर कारण' निवडलं आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, इंग्रजीत लिहिलं: माझ्या मित्राचं उद्या ऑपरेशन आहे. तुमच्या नव्या ड्रायव्हरचा अपमान करण्याचा हेतू नाही. मग 'होय' दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा उजळला, आणि कोपऱ्यातला पृथ्वीचा गोळा जाऊन तिथे वायफायचा पंखा उमलला. काकांनी लॅपटॉपला हात जोडले. ते हात खाली येतात तोच कॉल वाजू लागला. मित्र बहुधा मघापासून फोटोवर बोट दाबत बसला होता.

"कुठे मेला होतास?" तो कानडीत ओरडला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, गल्लीभर. "हरायच्या भीतीने लपलास काय?"

काकांनी तोंड वासून सावकाश सांगितलं, "अपडेट होता."

"उद्या माझाही आहे!" मित्र म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला, की त्याचा स्क्रीन हलला. काका हसले नाहीत. "डाव अर्धा आहे," ते अक्षर अक्षर सुटं करत म्हणाले. "मी पट हलवणार नाही. परत ये आणि खेळ." मित्राने ओठ वाचले, मान हलवली, आणि मी आवाज न करता वर निघून आलो.

ऑपरेशन नीट झालं. तो परतेपर्यंत काकांनी त्या टेबलाच्या आसपास कुणाला झाडूही मारू दिला नाही. तो डाव हरले मात्र काकाच.

आता आम्ही म्हैसूरमध्येच, विजयनगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. मध्यंतरी चकल्या घेऊन काकांकडे गेलो, तर दार उघडंच होतं आणि काका लॅपटॉपसमोर बसले होते. स्क्रीनवर मित्र आपल्या आरामखुर्चीत गाढ झोपलेला, मान एका बाजूला कललेली, त्याच्यामागे दारातल्या रंगीत पताका वाऱ्यावर हलत होत्या. काकांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण केली. मित्राच्या कानाशी नगारा वाजवला असता तरी तो उठला नसता, तरीही काका कुजबुजत होते.

"केव्हाचा झोपलाय," ते म्हणाले. "आताशा डावाच्या मध्येच झोपतो."

"मग कॉल बंद करायचा ना, काका."

"नको, राहू दे," ते म्हणाले. "उठेल तेव्हा समोर कोणी दिसलं नाही तर?"

मी चकल्यांचा डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.